एका अणूची गाळणी आणि तिला भोकं पाडणारं ड्रिल

आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहणारे काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झाले. गेली तीन वर्षं त्यांचं डायलिसिस चालू आहे; आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. एकदा त्यांना घरी आणायला गेलो होतो. मशीनला लावलेल्या पारदर्शक नळकांड्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "अरे, ही जी गाळणी आहे ना, ती आणखी पातळ केली तर काम लवकर नाही का उरकणार?"

मी म्हटलं, "काका, एका अणूइतकी पातळ गाळणी करण्याचे प्रयोग चालू आहेत."

पुढचा प्रश्न अस्सल फिटरचा होता. "बरं. आणि तिला भोकं कशानं पाडतात? एवढं बारीक ड्रिल आणलं कुठून?"

त्या ड्रिलची ही गोष्ट.

आधी गाळणीकडे बघू. डायलिसिसच्या त्या नळकांड्यात हजारो पोकळ तंतूंचा जुडगा असतो. एकेका तंतूचा आतला व्यास साधारण २०० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचवा भाग. तंतूच्या आतून रक्त वाहतं आणि बाहेरून डायलिसिसचं द्रावण. तंतूची भिंत हीच गाळणी. तिनं यूरिया आणि क्रिएटिनिन बाहेर जाऊ द्यायचं आणि अल्ब्युमिनसारखं कामाचं प्रथिन रक्तातच ठेवायचं. यूरियाचा रेणू ६० डाल्टनचा, क्रिएटिनिनचा ११३ आणि अल्ब्युमिनचा ६६ हजारांच्या पुढे. (डाल्टन हे रेणूंच्या वजनाचं माप. हायड्रोजनचा एक अणू साधारण एक डाल्टन भरतो.) आकारात इतका फरक असताना गाळणं सोपं वाटेल. पण ती भिंत काही दहा मायक्रॉन जाड असते आणि तिच्यातली भोकं सरळ आरपार नसतात. जुन्या पेठेतल्या बोळांसारखी ती वळत, अडत, मध्येच बंद होत जातात. यूरियाच्या रेणूला या बोळांतून वाट काढावी लागते आणि त्यात वेळ जातो.

भिंत एका अणूइतकी पातळ झाली, तर बोळ उरतच नाही. उंबरठा ओलांडला की बाहेर.

असा पदार्थ २००४ साली हाती आला. मँचेस्टर विद्यापीठात आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी ग्राफाइटवर चिकटपट्टी लावून ती ओढायची, पुन्हा लावायची, पुन्हा ओढायची असं करत शेवटी कार्बनच्या अणूंचा एकच थर वेगळा केला. हे ग्राफिन. पेन्सिलीतल्या ग्राफाइटच्या एक मिलिमीटर जाडीत असे जवळपास ३० लाख थर असतात. दोघांना २०१० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यानंतर मॉलिब्डेनम डायसल्फाइड, बोरॉन नायट्राइड असे आणखी एकेका थराचे पदार्थ या कुटुंबात आले. त्यांना द्विमितीय पदार्थ म्हणतात. लांबी आणि रुंदी आहे, जाडी जवळजवळ नाही.

अडचण एवढीच की ग्राफिनला भोकंच नसतात. २००८ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात एका सूक्ष्म खळग्यावर ग्राफिनचा पडदा ताणून आत वायू कोंडला, तर हेलियमसारखा चिमुकला अणूसुद्धा त्या पडद्यातून पार होईना. जगातला सर्वांत पातळ पडदा गाळणी म्हणून बिनकामाचा होता. त्याला भोकं पाडणं भाग होतं, तीही एक नॅनोमीटरच्या आतली. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो, यावरून काय ते समजा. इतकी बारीक सुई कुठल्याच धातूची करता येत नाही, कारण सुईचं टोकही अणूंचंच असणार.

मग अणूच फेकून मारायचा.

अणूचा एखादा इलेक्ट्रॉन काढून घेतला की त्याच्यावर धन विद्युतभार येतो. हा झाला आयन. भार आला की विजेच्या दाबानं त्याला पळवता येतं. पळवण्याचा हिशेब इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये करतात आणि तो घरच्या पेन्सिल सेलवरूनही समजतो. सेल दीड व्होल्टचा. एकपट भार असलेला आयन त्या दाबातून गेला की त्याला दीड इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते. ग्राफिनमधल्या कार्बनच्या अणूला त्याच्या जागेवरून उखडायला साधारण २२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, म्हणजे पंधरा सेलांच्या माळेइतके. प्रयोगशाळेत हजारो व्होल्ट सहज मिळतात. तेव्हा ताकदीचा प्रश्न नाही. प्रश्न आहे तो त्यातली किती ताकद समोरच्या अणूला पोचते हा.

इथे कॅरम आठवा. स्ट्रायकर १५ ग्रॅमचा, सोंगटी पाचेक ग्रॅमची. समोरासमोर टक्कर झाली की सोंगटी सुसाट जाते, पण स्ट्रायकरही थोडा पुढे सरकतो. त्याची सगळी ऊर्जा सोंगटीला मिळत नाही. सोंगटीनं सोंगटी मारली आणि नेम बरोबर मध्यावर बसला, तर मारणारी जागीच थांबते आणि दुसरी निघून जाते. आयनांचंही तसंच. गॅलियमचा आयन कार्बनच्या जवळपास सहापट जड असतो. अगदी नेमक्या टकरीतही तो आपली निम्मीच ऊर्जा देतो. हेलियम कार्बनच्या एक तृतीयांश वजनाचा. तो तीन चतुर्थांशापर्यंत देऊ शकतो. आणि नेम मध्यावर बसला नाही, नुसता चाटून गेला, तर काय होतं हे कॅरम खेळणाऱ्याला सांगायला नको.

अणू उखडणं ही काही ग्राफिनसोबत आलेली कल्पना नाही. अणुभट्टीतल्या ग्राफाइटमध्ये न्यूट्रॉन अणूंना जागेवरून हलवतील, हे यूजीन विग्नर यांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच ओळखलं होतं. हललेले अणू स्प्रिंग दाबून ठेवावी तशी ऊर्जा साठवून बसतात. इंग्लंडमधल्या विंडस्केलच्या अणुभट्टीत ही साठलेली ऊर्जा मोकळी करण्यासाठी ग्राफाइट मुद्दाम तापवलं जात असे. ऑक्टोबर १९५७ मध्ये हेच करताना भट्टीला आग लागली, किरणोत्सारी आयोडीन हवेत गेलं आणि आसपासच्या सुमारे ५०० चौरस किलोमीटर परिसरातलं दूध ओतून द्यावं लागलं. उखडलेल्या अणूंचा हिशेब हा पुढे कित्येक वर्षं धोक्याचाच हिशेब होता. ग्राफिन आल्यावर तोच हिशेब भोकांसाठी मांडायचा होता, आणि जाड ग्राफाइटचे नियम इथे चालत नाहीत हे लवकरच कळलं.

जाड पदार्थात आयन शिरला की एकाला धडकतो, मग दुसऱ्याला, तिसऱ्याला. उखडलेले अणू आणखी इतरांना धडकतात. शेवटी तो कुठेतरी आत रुतून बसतो. ऊर्जा जितकी जास्त, तितकं नुकसान जास्त. एका थराच्या पडद्यात मात्र त्याला एकच संधी मिळते. २०१० मध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या संशोधकांनी संगणकावर असे हजारो मारे करून पाहिले आणि चित्र उलटं निघालं. हलक्या आयनांनी सर्वाधिक नुकसान काहीशे इलेक्ट्रॉन-व्होल्टला होतं, जड आयनांनी काही हजारांना. त्यापुढे वेग वाढवत नेला, तर पडद्याला भोक पडण्याची शक्यता कमी कमी होत जाते. फार वेगातल्या आयनाला अणूशी झटापट करायला वेळच मिळत नाही. तो आला तसा निघून जातो आणि पडद्याला बऱ्याचदा पत्ताही लागत नाही.

मला स्वतःला याहून गमतीची वाटते ती २०१८ ची गोष्ट. जर्मनीतल्या ड्रेस्डेनजवळच्या संशोधन केंद्रातल्या गटानं एक साधा प्रश्न विचारला. प्रयोगात ग्राफिन बहुधा हवेत ताणलेलं नसतं, कशावर तरी ठेवलेलं असतं. मग भोकं पाडतं कोण? वरून येणारा आयन की आणखी कुणी? उत्तर आलं, मोठा वाटा खालच्या आधाराचा. पावसात छत्री घेऊन चाललो तरी पायजम्यावर चिखल उडतोच, तो वरून येत नाही. रस्त्यावर आपटलेला थेंब खालून शिंतोडे उडवतो. तसंच आयन पडदा पार करून खालच्या पदार्थात घुसतो, तिथले अणू उडतात आणि ते वर येताना पडद्याला फाडतात. काही आयन स्वतःच उलटून येतात. ही भोकं आयन आत शिरला त्या जागी न पडता थोडी बाजूला पडतात. म्हणजे किरण कितीही बारीक केला तरी नेम पसरणारच. ज्यांना ठरल्या जागीच भोक हवं, त्यांनी पडदा अधांतरी ताणून धरणं हा एक उपाय. पण एका अणूच्या जाडीचा पडदा अधांतरी धरणं म्हणजे काय, हे पापड न मोडता उचलणाऱ्यांनाच थोडंफार कळेल.

व्हिएन्नाच्या तांत्रिक विद्यापीठातल्या प्रयोगानं आणखी एक पेच दाखवला. त्यांनी झेनॉनच्या अणूतून तीस-पस्तीस इलेक्ट्रॉन काढून घेतले आणि असा भुकेला आयन ग्राफिनवर सोडला. तो इलेक्ट्रॉन ओरबाडणार, त्या जागी प्रचंड भार साठणार आणि अणू एकमेकांना ढकलून पडदा फुटणार, अशी अपेक्षा. ग्राफिननं काही फेम्टोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही दशलक्षाव्या भागाच्या हिशेबात, डझनावारी इलेक्ट्रॉन देऊन टाकले आणि ते शाबूत राहिलं. त्यातले इलेक्ट्रॉन इतके चपळ असतात की आजूबाजूचे धावून येऊन जागा भरून काढतात. मॉलिब्डेनम डायसल्फाइडला ही चपळाई नाही. अशाच आयनांनी त्याच्या पडद्याला स्वच्छ भोकं पडली. तेव्हा एकच ड्रिल सगळ्या पत्र्यांना चालत नाही, हे काकांना सांगायची गरज पडली नाही. त्यांना ते आधीच माहीत होतं.

आता मूळ गाळणीकडे. अमेरिकेतल्या एमआयटीत रोहित कर्णिक यांचा गट पाणी आणि क्षार वेगळे करणाऱ्या पडद्यांवर काम करतो. कर्णिक हे आयआयटी मुंबईचे २००२ चे विद्यार्थी. २०१४ साली या गटानं प्रसिद्ध केलेली पद्धत दोन टप्प्यांची होती. आधी गॅलियमच्या आयनांचा मारा करून ग्राफिनला फक्त खोट पाडायची, एक-दोन अणू निघतील एवढीच. मग ते पोटॅशियम परमँगनेट आणि आम्लाच्या द्रावणात ठेवायचं. खोट पडली तिथल्या कडेचे अणू सैल असतात, रसायन तिथूनच कुरतडायला लागतं आणि भोक हळूहळू मोठं होतं. जिथे खोट नाही, तिथल्या षटकोनांना ते सहजी हात लावत नाही. भोकांची संख्या आयनांनी ठरवायची आणि आकार द्रावणात ठेवलेल्या वेळानं, अशी ही वाटणी आहे.

या मार्गाला पूर्वज आहेत. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत फ्लायशर, प्राइस आणि वॉकर यांनी अभ्रक आणि प्लॅस्टिकमधून जड, वेगवान कण आरपार पाठवून त्यांच्या वाटा रसायनानं कुरतडल्या होत्या. तशा गाळण्या आज पॅथॉलॉजीपासून जीवशास्त्रापर्यंत सगळीकडे वापरात आहेत. फरक मापाचा आहे. त्या भोकांचा हिशेब बहुधा मायक्रॉनमध्ये चालतो. कर्णिक यांच्या गटाच्या भोकांचा सरासरी व्यास ०.४० नॅनोमीटर होता. पाण्याच्या रेणूचा असतो ०.२८ च्या आसपास. एका चौरस सेंटिमीटरात अशी एक लाख कोटींहून अधिक भोकं. आकडा अर्थसंकल्पासारखा वाटतो, पण ग्राफिनच्या तेवढ्या तुकड्यात अणूच इतके असतात की साधारण चार हजार अणूंमागे एक भोक पडतं. पडदा चाळणी होऊन फाटत नाही.

भोकं दिसत नाहीत, मग पडली हे कळतं कसं? एक मार्ग ताकदवान इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा. रोजच्या कामाचा मार्ग मात्र सी. व्ही. रामन यांच्या १९२८ च्या शोधाचा. ग्राफिनवर लेझर टाकला की परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग थोडा बदलतो आणि त्या बदलात अणूंच्या कंपनाची खूण असते. निर्दोष ग्राफिनमध्ये एक विशिष्ट खूण दिसतच नाही. खोट पडली की ती उगवते. पण तिच्यातही फसगत आहे. मारा वाढवत गेलं की ती आधी वाढते आणि नुकसान फार झालं की पुन्हा उतरते. म्हणजे एकाच उंचीच्या खुणेचे अर्थ दोन. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये आर्गॉनच्या आयनांनी पायरीपायरीनं मारा करून हा चढ-उतार नीट मोजला, तेव्हा कुठे ती खूण भरवशाची मोजपट्टी झाली. आपल्याकडे कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९८८ पासून पेलेट्रॉन हा आयन पळवणारा त्वरक आहे, दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात आणखी एक. दिल्लीच्या यंत्राचा पदार्थांवर वेगवान जड आयनांचा मारा करून काय बदलतं हे पाहण्यासाठी मोठा उपयोग झाला आहे.

एवढी भोकं पाडल्यावर पडदा लेचापेचा होईल, असं कुणालाही वाटेल. माद्रिदमधल्या गटानं २०१५ मध्ये ग्राफिनचे नगारे ताणले, आर्गॉनच्या आयनांनी त्यातले अणू थोडे थोडे उडवत नेले आणि प्रत्येक वेळी सूक्ष्म टोकानं दाबून पाहिलं. हजारात दोनेक अणू निघेपर्यंत पडदा ताठ होत गेला, जवळपास दुप्पट. त्यापुढे मात्र ताठपणा उतरू लागला. या संशोधकांचं स्पष्टीकरण असं, की ग्राफिन मुळात सपाट नसतं, उष्णतेनं त्यावर सतत बारीक लाटा उठत असतात. अणू निघालेल्या जागा या लाटांना मोडता घालतात, म्हणून दाबल्यावर तो जास्त विरोध करतो. अर्थात ताठ म्हणजे मजबूत असं नाही. फाटण्याच्या बाबतीत तो दुबळाच झाला होता. पत्र्याचं काम केलेल्यांना हा फरक ठाऊक असतो.

मग घोडं अडलंय कुठे? त्या ०.४० च्या मागे लपलेल्या दुसऱ्या आकड्यात. भोकांच्या आकारातली तफावत ०.२४ नॅनोमीटर आहे. म्हणजे काही भोकं पाण्यालाही अपुरी आणि काही जरुरीपेक्षा बरीच मोठी. गाळणीत लाखभर भोकं बरोबर असली आणि चार मोठी, तर नको ते त्या चारांतूनच जातं. शिवाय आयनांचा मारा व्हायच्या आधीच ग्राफिनला काही जागी चिरा असतात, कारण मोठा पडदा तांब्यावर वाढवून मग दुसऱ्या आधारावर उचलून ठेवावा लागतो. याच गटानं २०१५ मध्ये त्यावर काढलेला तोडगा गोधडीला ठिगळ लावण्यासारखा आहे. आधी चिरांमध्ये नायलॉन तयार होईल अशी रसायनं दोन बाजूंनी सोडायची. चिरा बुजल्या की मग आयनांनी हवी ती बारीक भोकं पाडायची. अशा पडद्यानं दोन-तीन भारांचे मोठे आयन आणि लहान रेणू अडवले. दुसरीकडे मँचेस्टरच्या संशोधकांनी २०१२ मध्येच पाहिलं होतं की आजूबाजूला सुटे कार्बन अणू असतील, तर ग्राफिन आपलं भोक आपणच विणून बुजवतं.

काकांना हे सगळं एका बैठकीत सांगितलेलं नाही, दोन-तीन फेऱ्यांत सांगितलं. तफावतीचा आकडा ऐकून ते म्हणाले, "साठ टक्के टॉलरन्स? आमच्या वर्कशॉपात असं बेअरिंग कुणी हातात घेतलं नसतं."

डायलिसिससाठीचा प्रयोगही एमआयटीतच झाला, २०१७ साली. तिथे भोकं मोठी करायला ऑक्सिजनचा प्लाझ्मा वापरला होता. ग्राफिनला खालून आधार होता तो पॉलिकार्बोनेटच्या पडद्याचा. या पडद्याला जाण्यायेण्याच्या वाटा पृष्ठभागाच्या जेमतेम दहा टक्के. इतक्या अडवणुकीतही लहान रेणू प्रचलित पडद्यांपेक्षा सुमारे दहापट वेगानं पार झाले आणि मोठे अडले. तुकडा नखाएवढा होता.

दहापट वेग म्हणजे चार तासांचं काम पंचवीस मिनिटांत, असं मात्र समजू नये. डायलिसिसचा वेळ एकट्या गाळणीवर ठरत नाही. यूरिया नुसता रक्तात नसतो, पेशींच्या आतही असतो आणि तिथून रक्तात यायला त्याला वेळ लागतो. शरीरातलं जास्तीचं पाणी घाईनं ओढलं, तर रक्तदाब कोसळतो. चार तासांच्या खुर्चीवर बसणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. पातळ गाळणीचा खरा फायदा झाला तर यंत्र लहान होण्यात होईल, असं मला वाटतं. तीच गोष्ट पाण्याची. उद्या कुणी दारावर ग्राफिनचा फिल्टर विकायला आला, तर त्यात अणूच्या जाडीचा सलग पडदा आहे की ग्राफिनच्या नावानं काळी पूड लावली आहे, एवढं तरी विचारावं.

२०१७ च्या त्या प्रयोगात पडद्याच्या एका बाजूला ठेवलेल्या द्रावणांमध्ये पोटॅशियम क्लोराइड होतं, बी-१२ जीवनसत्त्व होतं आणि अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइम हे प्रथिन होतं. रक्त नव्हतं. रक्तातली प्रथिनं कुठल्याही परक्या पृष्ठभागावर काही मिनिटांत थर धरतात, आणि ०.४० नॅनोमीटरच्या भोकावर सात-आठ नॅनोमीटरचं अल्ब्युमिन येऊन बसलं, तर यूरियानं जायचं कुठून, हा प्रश्न काकांनी अजून विचारलेला नाही. पुढच्या मंगळवारी विचारतील.